अण्णांचा रोजमेळ

दम्याच्या माणसाला श्वास आत घेता येत नाही, असं बघणाऱ्याला वाटतं. खरी अडचण श्वास बाहेर सोडताना जास्त असते. आवळलेल्या नळ्यांतून हवा कशीबशी आत शिरते, पण निघताना अडकते. ती पुरती निघायच्या आत पुढचा श्वास घ्यावा लागतो आणि छाती फुगतच जाते. आमचे अण्णा पहाटे खाटेच्या काठावर बसायचे. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेले, खांदे कानांपर्यंत चढलेले, आणि गळ्याखालचा खळगा प्रत्येक श्वासाला आत ओढला जायचा. आई पाठीवरून हात फिरवत राहायची. आम्ही भावंडं जागी असायचो, पण झोपेचं सोंग घेऊन पडून राहायचो. काही विचारलं तर अण्णांना उत्तर द्यावं लागेल आणि उत्तराला श्वास लागतो, एवढं आम्हाला त्या वयातही कळत होतं.

उजाडलं, चहाचे दोन घोट पोटात गेले, की दम हळूहळू ओसरायचा. नऊच्या सुमाराला अण्णा टोपी घालून मोंढ्याकडे निघालेले असायचे. दिवसभर माणूस धडधाकट. त्यामुळे घरात, गल्लीत आणि खुद्द अण्णांच्या मनात एक समजूत घट्ट बसली होती, की दमा रात्री येतो आणि सकाळी जातो. दम्याने होणारं बरंचसं नुकसान या एका समजुतीमुळे होतं, असं माझं आता ठाम मत आहे, आणि म्हणूनच हे लिहिते आहे.

दमा जात नसतो. श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराला आलेली सूज दिवसाही तिथेच असते. त्या सुजेमुळे नळ्या हळव्या होतात. धूळ, धूर, गार वारा, सर्दीचा विषाणू, असं काहीही लागलं की नळीभोवतीचे स्नायू आवळतात, आत चिकट कफ साचतो आणि आधीच अरुंद झालेली वाट आणखी बुजते. पहाटे हे जास्त होण्यालाही कारण आहे. सूज आटोक्यात ठेवणारं आपल्या शरीरातलं कॉर्टिसोल हे संप्रेरक मध्यरात्रीच्या आसपास सगळ्यात कमी असतं आणि श्वासनलिका पहाटे चारच्या सुमाराला सगळ्यात अरुंद असतात. अण्णांची वेळ तीच होती. आई म्हणायची, ‘ब्राह्ममुहूर्तावर देव उठतो आणि आमच्याकडं दम उठतो.’

अण्णा मोंढ्यात एका आडत दुकानात मुनीम होते. मराठवाड्यातला आमचा तालुका, नव्वदच्या दशकात सोयाबीनकडे वळलेला. दसऱ्यापासून मालाची आवक सुरू व्हायची. ट्रॅक्टर, टेम्पो, बैलगाड्यांची रांग रस्त्यापर्यंत. हमाल पोती मोकळी करायचे, माल चाळणीवर पडायचा आणि फोलपटं, माती, काडीकचरा यांचा असा धुरळा उठायचा की समोरच्या दुकानाची पाटी दिसायची नाही. गादीवर बसून अण्णा शेतकऱ्यांच्या हिशेबपट्ट्या करायचे. संध्याकाळी घरी आले की टोपी झटकायचे आणि अंगणात पिवळसर भुकटी उडायची. दिवाळीच्या तोंडावर त्यांचा दम हमखास वाढायचा. घरात त्याचं खापर थंडीवर फुटायचं, फार तर दिवाळीच्या साफसफाईवर आणि फटाक्यांवर. रोजच्या भाकरीच्या जागेवर खापर फोडायला कोण धजावणार?

पुढे कधीतरी बार्सिलोनाची हकिगत वाचनात आली आणि मला मोंढा आठवल्याशिवाय राहिला नाही. स्पेनमधल्या या बंदराच्या शहरात १९८१ ते १९८७ या काळात दम्याच्या अचानक लाटा यायच्या. एखाद्या दिवशी दवाखान्यांचे तातडीचे विभाग दम्याच्या रुग्णांनी भरून जायचे, काही जण दगावायचेही. असे २६ दिवस नोंदले गेले. शहरातलं हवेचं प्रदूषण, हवामान, सगळं तपासून झालं. जोसेप अँतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंदरातल्या जहाजांच्या नोंदी काढल्या, तेव्हा ताळा जुळला. लाट आलेल्या दिवसांत बंदरावर सोयाबीन उतरवलं जात होतं. साठवणीच्या एका उंच कोठाराला धूळ अडवणारे फिल्टरच नव्हते आणि सोयाबीनच्या सालपटाची धूळ वाऱ्यावर शहरभर पसरत होती. रुग्णांच्या रक्तात त्या सालपटातल्या प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडं सापडली. फिल्टर बसवले आणि लाटा थांबल्या. जहाजांच्या नोंदवह्या आणि दवाखान्यांच्या नोंदवह्या शेजारी शेजारी ठेवून सुटलेलं हे कोडं आहे. मुनिमाची मुलगी म्हणून मला त्याचं फार अप्रूप वाटतं.

अण्णांचा हिशेब जुळायला मात्र बराच काळ गेला. मधली वर्षं उपायांची होती. गावातले डॉक्टर दम चढला की इंजेक्शन द्यायचे, डेरिफायलिनच्या गोळ्या द्यायच्या. गोळ्यांनी हात थरथरायचे, छाती धडधडायची, पण दम कमी व्हायचा. कोजागिरीला खिरीतून औषध घेऊन झालं. मग कुणीतरी सांगितलं म्हणून एका गावाहून पुड्या आणल्या. सकाळ-संध्याकाळ मधातून चाटायच्या. आठवड्याभरात दम पळाला. अण्णा रात्रभर झोपू लागले, भूक वाढली, गाल वर आले. लोक म्हणायचे, अण्णांना औषध मानवलं. काही महिन्यांनी चेहरा पुरता गोल झाला, दंडाला जरा कुठे लागलं की काळंनिळं व्हायचं, आणि लघवीला वारंवार जावं लागतं म्हणून तपासलं तर साखर निघाली. पुडीत स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसोलसारखंच काम करणारं औषध असणार, असं पुढे छातीच्या डॉक्टरांनी सांगितलं. किती होतं ते कुणालाच ठाऊक नाही. आणि एक गोष्ट त्यांनी बजावून सांगितली, ती मी इथे मुद्दाम लिहिते. अशी पुडी किंवा स्टेरॉइडची गोळी बराच काळ पोटात गेली असेल, तर घाबरून एकदम बंद करायची नाही. शरीर स्वतःचं कॉर्टिसोल बनवायचं विसरलेलं असतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली मात्रा हळूहळू उतरवावी लागते.

हैदराबादलाही जाऊन झालं. दरवर्षी जूनमध्ये मृगाच्या सुमाराला तिथे बथिनी गौड कुटुंबाकडून दम्यासाठी माशातून औषध दिलं जातं. मरळीचं जिवंत पिल्लू, त्याच्या तोंडात औषधाची गोळी, आणि ते तसंच गिळायचं. पैसे घेत नाहीत. आमचे अण्णा गळ्यात तुळशीची माळ घातलेले. मासे न खाणाऱ्यांना तिथे गुळातून देतात, तसं त्यांनी घेतलं. या औषधाने दमा बरा होतो, याला वैद्यकीय पुरावा नाही. पण त्या रांगेतल्या माणसांना अडाणी म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. मराठवाडा, विदर्भ, कर्नाटक, कुठून कुठून लोक लेकरं कडेवर घेऊन, रात्रभर रेल्वेत उभं राहून येतात. त्यांतल्या बहुतेकांच्या हाती आजवर इंजेक्शन आलेलं असतं, गोळी आलेली असते. हा आजार काय आहे, तो आयुष्यभर कसा सांभाळायचा, हे बसून समजावणारं माणूस वाट्याला आलेलं नसतं.

ते माणूस अण्णांना पुण्यात भेटलं, मी नोकरीसाठी तिथे आल्यावर. छातीच्या डॉक्टर बाई. त्यांनी आधी छाती तपासली नाही. विचारलं, ‘अण्णा, काम काय करता? बसता कुठे? चाळणी किती लांब असते?’ माझ्या आठवणीत अण्णांना हे विचारणारं पहिलं माणूस त्याच. मग फुंकायची तपासणी झाली, स्पायरोमेट्री. नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी, आणि समोर एक पोरगेला तंत्रज्ञ दोन्ही हात वर करून ओरडत होता, ‘जोरात आजोबा! जोरात! सोडा, सोडा, सोडा, अजून, अजून थोडं!’ अण्णा लालबुंद. पडद्यावरची रेघ वर जाऊन पोटात खचल्यासारखी खाली आली. मग पंपातून औषध दिलं, पंधरा मिनिटं बसवून ठेवलं आणि पुन्हा फुंकायला लावलं. दुसरी रेघ पहिलीच्या बरीच वरून गेली. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा औषधानंतर १२ टक्के आणि २०० मिलिलिटरपेक्षा जास्त वाढली, तर नळ्या आवळतात आणि सुटतात, म्हणजे दम्याच्या बाजूने पुरावा मिळतो. अण्णांची त्याहून पुष्कळ वाढली होती. कागद हातात घेऊन ते म्हणाले, ‘म्हणजे हवा आहे आत.’

त्यानंतर दोन पंप आले. एक निळा, साल्ब्युटामॉलचा. तो आवळलेले स्नायू काही मिनिटांत सैल करतो. सुजेला हातही लावत नाही. दुसरा रोजचा, श्वासातून घ्यायच्या स्टेरॉइडचा. तो सूज उतरवतो, पण त्याला दिवस, आठवडे लागतात, आणि घेतल्या घेतल्या काहीच जाणवत नाही. सगळी मेख इथेच आहे. ज्या औषधाने ताबडतोब बरं वाटतं, त्यावर माणसाचा जीव जडतो. जे खरं काम करतं, ते काही करतंय असं वाटतच नाही. डॉक्टर बाईंनी हे समजावलं, पण अण्णांच्या गळी उतरलं ते आईच्या बोलण्याने. आमचं जुनं घर माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं. मृगाच्या आधी माळवदावर पांढरी माती पसरतात. आई म्हणाली, ‘पाऊस आल्यावर घरात घमेली मांडून पाणी धरता येतं, माळवद नीट होत नसतं. ते उन्हाळ्यातच बघावं लागतं.’

स्टेरॉइड हा शब्द ऐकून अण्णा आधी बिचकलेच, पुडीने हात पोळले होते ना. पण पंपातलं औषध मायक्रोग्रॅममध्ये असतं आणि जिथे लागतं तिथे थेट पोचतं. साल्ब्युटामॉलचंच बघा. एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम. तेच औषध गोळीतून घेतलं तर ४ मिलिग्रॅम, म्हणजे ४० फवाऱ्यांइतकं रक्तातून सगळ्या अंगभर फिरवायचं, तेव्हा कुठे त्यातलं थोडं फुप्फुसात पोचणार. हात थरथरायचे ते उगाच नाही. ‘पंपाची सवय लागते’, ‘पंप म्हणजे शेवटची पायरी’ ही वाक्यं आपल्याकडे कुठल्याही लग्नाच्या पंगतीत ऐकायला मिळतात. पंप ही पहिली पायरी आहे. सवय लागत नाही. आजार टिकाऊ आहे म्हणून औषध टिकाऊ आहे, रक्तदाबाच्या गोळीसारखंच. सगळं आटोक्यात राहिलं तर डॉक्टर काही महिन्यांनी मात्रा कमीही करतात. अण्णांची केली.

पण त्याआधी अण्णांनी पंप बंद केला होता. बरं वाटतंय म्हणून. गावाकडून फोनवर म्हणायचे, ‘मला बरं वाटायलंय की आता. रोज रोज कशाला फुकायचं महागाचं औषध?’ मी काय सांगणार? छाती वाजत नाही, झोप लागते, अशा माणसाला तू आजारी आहेस म्हणणं म्हणजे शिव्या घालण्यासारखंच. वाद घालणं मी सोडलं आणि पुढच्या खेपेला त्यांच्यासाठी पीक फ्लो मीटर घेऊन गेले. प्लॅस्टिकची वीतभर नळी, वर आकड्यांची पट्टी आणि एक सरकणारा काटा. उभं राहून जोरात फुंकायचं, काटा जिथे थांबेल तो आकडा. तीनदा फुंकून सगळ्यात मोठा धरायचा. मिनिटाला किती लिटरच्या वेगाने हवा बाहेर पडते, ते कळतं. मार्टिन राइट या ब्रिटिश संशोधकाने १९५० च्या दशकात हे मोजमाप रोजच्या वापरात आणलं.

आकडा दिसल्यावर मुनीम जागा झाला. कपाटातून लाल कापडी बांधणीची कोरी वही निघाली. वर श्री, खाली आडव्या-उभ्या रेघा. तारीख, सकाळ, सांज, निळा पंप किती वेळा, आणि शेवटचा रकाना शेरा. अक्षर तेच, पट्टीवरचं, तिरकं आणि सुवाच्य. पंप चालू असताना त्यांचा चांगला आकडा ३८० होता. डॉक्टर बाईंनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून दिलं की ३०० च्या वर हिरवं, त्याखाली पिवळं, १९० च्या खाली तांबडं. म्हणजे साधारण ८० टक्के आणि ५० टक्के. पिवळ्यात काय वाढवायचं, कुणाला फोन करायचा, तांबड्यात काय करायचं, तेही लिहिलं. अशी लेखी योजना प्रत्येक दमेकऱ्याच्या घरात असावी, देवघरावरच्या कालनिर्णयाशेजारी टांगलेली.

त्या वर्षी दसरा उलटला, आवक सुरू झाली. पंप बंदच होता, वही मात्र चालू. एका पहाटे जुना दम परत आला, आई घाबरली, शेजारच्यांच्या गाडीतून दवाखाना गाठावा लागला. दोन दिवसांनी अण्णांचा फोन आला. आवाजात थकवा होता, पण बोलत होते ते जमाखर्चातली चूक सापडलेल्या माणसासारखं. ‘अगं, मी वही काढली. ३७०, ३६०, ३६०, ३३०, मग ३१०. घसरण तर आधीपासूनच लागली होती. आणि शेऱ्यात मीच लिहिलंय बघ, तब्येत उत्तम, तब्येत उत्तम.’

त्या रकान्यात जे लिहिलं होतं ते खोटं नव्हतं. त्यांना खरोखरच उत्तम वाटत होतं. वर्षानुवर्षं अरुंद नळ्यांची सवय झालेल्या काही रुग्णांना थोडी आणखी अरुंद झालेली कळतच नाही. कळतं तेव्हा बरंच पुढे गेलेलं असतं. ही वही नंतर डॉक्टर बाईंनी त्यांच्या विद्यार्थ्यांना दाखवायला मागून घेतली. अण्णांनी दिली, पण नक्कल करून घेऊन.

आकड्यांचाच विषय निघाला म्हणून. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे २०१९ मध्ये जगात २६ कोटी २० लाख लोकांना दमा होता आणि ४ लाख ५५ हजार माणसं त्याने दगावली. त्याच वर्षीच्या जागतिक आजारभाराच्या अभ्यासात जगातल्या दमेकऱ्यांपैकी साधारण १३ टक्के भारतातले होते, पण दम्याच्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून जास्त भारतात झाले होते. या दोन आकड्यांतली दरी मला अस्वस्थ करते. ही औषधं नवी नाहीत, दुर्मीळ नाहीत. श्वासातून घ्यायचं स्टेरॉइड १९७२ पासून उपलब्ध आहे, आणि आपल्या आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतही ब्युडेसोनाइड आहे.

ब्रिटनमध्ये दम्याने झालेल्या १९५ मृत्यूंची बारकाईने छाननी झाली, तिचा अहवाल २०१४ साली आला. ज्या १६५ जणांच्या औषधांची नोंद मिळाली, त्यांतल्या ६५ जणांना शेवटच्या वर्षभरात आराम देणारे १२ हून जास्त पंप लिहून दिले गेले होते. म्हणजे महिन्याला एकाहून जास्त निळा पंप रिकामा होत होता आणि आत सूज वाढत होती, हे कुणी थांबून पाहिलं नव्हतं. जीना या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दम्याच्या जागतिक मार्गदर्शक गटाने २०१९ मध्ये स्पष्टच सांगितलं की मोठ्यांनी आणि किशोरवयीनांनी नुसत्या निळ्या पंपावर राहू नये, सोबत सुजेवरचं औषध हवंच. आता बऱ्याच जणांना दोन्ही प्रकारची औषधं एकाच पंपात मिळतात. तुमच्या घरात निळा पंप भराभर संपत असेल, तर तो संपण्याचा वेग हीच डॉक्टरांना सांगायची पहिली गोष्ट आहे.

पंप घ्यायचा कसा, यावर आपल्याकडे फार कमी वेळ दिला जातो. डॉक्टर बाईंनी अण्णांना पंप घेऊन दाखवायला लावलं, तेव्हा अर्धा पांढरा धूर नाकातून आणि ओठांच्या कडेतून बाहेर आला. दाबणं आणि ओढणं यांची वेळ जमत नव्हती. ती बहुतेकांची जमत नाही. मग स्पेसर आला, पंपाला जोडायचा लांबट पारदर्शक डबा. पंप हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, डब्याच्या तोंडाभोवती ओठ घट्ट मिटायचे, एक फवारा डब्यात, आणि सावकाश, खोल ओढून दहा आकडे मोजेपर्यंत धरून ठेवायचं. दुसरा फवारा अर्ध्या-एक मिनिटाने. रोजच्या पंपानंतर गुळण्या करून पाणी थुंकायचं, नाही तर तोंडात पांढरी बुरशी येते. भुकटीच्या कॅप्सूलचं रोटाहेलर असेल तर उलटं. तिथे जोरात आणि झपकन ओढावं लागतं. ती कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारी माणसंही आहेत, कारण दुकानदाराने डबी हातात ठेवली आणि कुणी काही सांगितलं नाही. साध्या-मध्यम झटक्यात स्पेसर लावलेला पंप नेब्युलायझरच्या वाफेइतकाच चालतो, हे अभ्यासांनी दाखवलेलं आहे. तरी आपला भरवसा यंत्रावर जास्त. हा पंप मुळात एका मुलीच्या प्रश्नातून आला. अमेरिकेतल्या रायकर कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या १३ वर्षांच्या मुलीला दमा होता. केसांवर मारायचा फवारा डब्यातून येतो, तसं माझं औषध का येत नाही, असं तिने विचारलं आणि १९५६ मध्ये पहिला पंप बाजारात आला.

मुलींचा विषय आला की मला थांबावंसं वाटतं. दमा मलाही आहे. माझी छाती वाजत नाही. रात्री कोरडा खोकला सुरू झाला की थांबत नाही, हसताना किंवा रडताना जास्त. वर्षानुवर्षं त्याला घसा धरणं म्हटलं गेलं. निदान झालं तेव्हा माझं स्थळ बघणं चालू होतं आणि नात्यातल्या बायकांनी आईला सुचवलं की पंपाचं कुणाला बोलू नका. मला माहीत असलेल्या कितीतरी मुलींचे पंप आजही कपाटात साड्यांच्या घडीखाली असतात. न्हाणीघरात जाऊन, दार लावून घेतले जातात. अण्णांनी मात्र बैठकीत सगळ्यांसमोर सांगितलं, ‘मला दमा आहे, माझ्या लेकीलाही आहे. दोघंही औषध घेतो आणि दोघंही कामावर जातो.’ बैठकीतलं ते वाक्य माझ्या लग्नातला सगळ्यात मोठा आहेर होता. पुढे दिवस गेले तेव्हा सासूबाईंनी काळजीपोटी विचारलं, बाळाला बाधणार नाही ना? मी त्यांना डॉक्टरांकडे सोबत नेलं. गरोदरपणात पंप सोडण्याने धोका वाढतो. आईला दम लागला तर बाळाचा प्राणवायू कमी पडतो. सासूबाईंनी ते ऐकलं आणि मग रोज रात्री त्याच आठवण करायच्या, ‘सूनबाई, पंप झाला का?’

घरातल्या पथ्यांबद्दल मात्र माझी तक्रार आहे. अण्णांनी अर्धं आयुष्य केळं खाल्लं नाही, दही खाल्लं नाही, थंडीत भातसुद्धा नाही. त्यांना यांतल्या कशाचीच ॲलर्जी नव्हती. त्याच घरात रात्री दारं-खिडक्या लावून डासांची कॉइल जळायची. एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या कणांइतके भरतात, असं मोजलं गेलेलं आहे. कॉइल गेली, मच्छरदाणी आली. उदबत्ती देवासमोर पेटवून लगेच अंगणात तुळशीपाशी ठेवायची, असं आईने स्वतःहून ठरवलं. गाद्या उन्हात पडू लागल्या. फोडणीच्या वेळी अण्णा ओसरीवर. आणि केळं परत आलं. पहिल्यांदा केळं सोलताना अण्णांचे हात जरा घुटमळले होते.

एक गोष्ट मात्र प्रत्येकाने ध्यानात ठेवावी. माणूस एक वाक्य एका दमात पुरं करू शकत नसेल, ओठ किंवा नखं निळसर दिसत असतील, निळ्या पंपाने आराम पडत नसेल किंवा पडून लगेच दम परत येत असेल, तर वाट बघायची नाही. ताठ बसवायचं, आडवं करायचं नाही. स्पेसरमधून निळ्या पंपाचा एकेक फवारा, अर्ध्या-एक मिनिटाच्या अंतराने, दहापर्यंत द्यायचे आणि त्याच वेळी १०८ ला फोन लावायचा. आणि वाजणारी छाती अचानक शांत झाली, पण माणूस मात्र थकलेला, गुंगीत दिसतोय, तर ‘बरं झालं, दम बसला’ असं म्हणायचं नाही. आवाज यायला हवा हलावी लागते. ती हलेनाशी झाली म्हणून आवाज थांबलेला असू शकतो.

अण्णा आता गादीवर बसत नाहीत, पण संध्याकाळी मोंढ्यात चक्कर असते. नाकावर मास्क, खिशात निळा पंप. हमाल त्यांच्याशी बोलतात, कारण अण्णा त्यांना नावानिशी ओळखतात. हंगामात किती जणांना खोकला लागतो, कोण रात्री बसून काढतो, कोण डोळ्यांतून पाणी येतं म्हणून लवकर घरी जातो, हे अण्णांनी विचारायला सुरुवात केली आणि सवयीने लिहायलाही. त्यांतल्या दोघांना मी पुण्याला बोलावून तपासून घेतलं. दोघांनाही दमा निघाला, दोघंही आता रोजचा पंप घेतात. पण अण्णांचं म्हणणं आहे की एकेकाला पंप देऊन हिशेब मिटत नाही. चाळणी उघडीच आहे, धूळ तशीच उडते. बार्सिलोनाची गोष्ट मी त्यांना सांगितली होती, ती त्यांनी मोंढ्यात सगळ्यांना सांगितली आहे.

यंदा दसऱ्याच्या आधी बाजार समितीकडे अर्ज द्यायचं ठरलं आहे. चाळणीवर धूळ ओढणारा पंखा आणि फिल्टर, हमालांना एन-९५ मास्क, आणि हंगामापूर्वी मोंढ्यातच फुंकायच्या तपासणीचं शिबिर, अशा तीन मागण्या. मसुदा अण्णांनी लिहिला, मी टाइप केला. डॉक्टर बाई शिबिराला यायला तयार आहेत. पहिली सही अण्णांची आहे, बाकीच्या सह्या आणि अंगठे गोळा करायचं काम सध्या चालू आहे.